लिहून नेलेलं परत कधी येतं?

(सिंदी मेघे, जि. वर्धा इथे महिला मंडळांच्या एकदिवसीय अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आजच्या अभ्यासवर्गात मला विषय दिलाय 'इतिहासाची पुस्तकं आणि आपण'. सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलंच, "ताई, आपल्याले काय करायचं पुस्तकांचं? राशनचं बोला, ठाण्यातल्या तक्रारीचं बोला." त्यांचं म्हणणं मला पटतं. तरीही हा विषय राशनइतकाच आपला आहे असं मला वाटतं. कसा, ते सांगते.

आमच्या गावच्या दारूविरोधी गटात एक आजी होत्या. शेतमजूर बाई, सही करायला शिकल्या त्या गटात आल्यावर. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून कागदोपत्री दारूबंदी आहे, आणि ती कागदावरून गावात उतरवायचं काम बायांनीच केलंय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पंधराएक वर्षांपूर्वी संशोधन करणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. चार दिवस राहिल्या, आमच्यासोबत निंदणाला आल्या, भाकरी खाल्ली. आजींनी त्यांना दोन रात्री बसून सगळं सांगितलं. गटाचं सभेचं रजिस्टर आणि ठाण्यात दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या आम्ही विश्वासानं त्यांच्या हाती दिल्या. पुढे त्यांचं पुस्तक निघालं, इंग्रजीत. एका शिबिरात मी ते पाहिलं. किंमत होती नऊशे पंचाण्णव रुपये. आजी त्यात होत्या, पण त्यांचं नाव बदललेलं होतं. गावाचंही नाव बदललेलं. रजिस्टर काही परत आलं नाही.

आजी भेटल्या की विचारायच्या, "माह्यं नाव आलं काय त्या पुस्तकात?" मी म्हणायची, "आहे आजी, तुमचं सगळं बोलणं आहे." नावाचं मी टाळायची. आजी गेल्या. त्यांना मी खरं उत्तर दिलं नाही, ही बोच मला अजून आहे.

हे एका पुस्तकापुरतं असतं तर मी आज उभी राहिले नसते. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं. त्या सहा जिल्ह्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम यांच्यासोबत आपला वर्धाही होता. त्या काळात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी समित्या आल्या, पत्रकार आले, पीएच.डी. करणारे आले. नवरा गेलेल्या बाईनं कर्ज किती, सावकाराचं किती, कीटकनाशकाचा डबा कुठे ठेवला होता, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. प्रत्येकानं लिहून नेलं. त्यातलं काय छापलं गेलं, त्यातून काय निष्कर्ष निघाला, सातबारा तिच्या नावावर होणं किती जरुरी आहे हे कुणी लिहिलं की नाही, हे तिला कळायची सोय नव्हती. शेतातून कापूस जातो आणि दुकानातून कापड येतं, ते आपल्या ऐपतीबाहेरचं. तसंच हे. माल आपला, भाव दुसऱ्याचा.

आता हे असं का होतं? संशोधन करणाऱ्या सगळ्या वाईट असतात म्हणून नाही. त्यातल्या कितीतरी आपल्याच चळवळीतल्या मैत्रिणी आहेत. ज्या व्यवस्थेत त्या काम करतात ती समजून घेऊ. विद्यापीठात नोकरी टिकवायची, बढती मिळवायची तर लेख आणि पुस्तकं लागतात. ती नावाजलेल्या नियतकालिकात, नावाजलेल्या प्रकाशनाकडून आली तर त्यांना जास्त वजन. अशी नियतकालिकं आणि प्रकाशनं बहुतेक इंग्रजी. संशोधनपर लेखाचे पैसे लेखिकेला सहसा मिळत नाहीत, लेख तपासून देणाऱ्यांनाही मिळत नाहीत. प्रकाशक तो अंक विद्यापीठांच्या ग्रंथालयांना विकतो. पुस्तकाचंही तसंच. प्रती थोड्या, पुठ्ठा जाड, किंमत ग्रंथालयाला परवडेल अशी. म्हणजे पुस्तक काढताना डोळ्यांसमोर वाचणारी बाई नसते, विकत घेणारं ग्रंथालय असतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' या योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांची नियतकालिकं. ती सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांमध्ये वाचायला मिळावीत, हा हेतू. विद्यार्थिनींची सोय होईल, ही चांगली गोष्ट आहे. पण गावातलं सार्वजनिक वाचनालय आणि आपलं महिला मंडळ त्या दाराच्या बाहेरच आहे. याच वर्ध्यात १९९७ पासून महात्मा गांधींच्या नावाचं आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, तिथे स्त्री अध्ययनही शिकवलं जातं. सिंदी मेघेहून ते लांब नाही. पण तिथल्या अभ्यासाचा विषय आपण असलो तरी तिथले वाचक आपण अजून झालेलो नाही.

यात जातीचा प्रश्नही आहे, तो झाकून चालणार नाही. गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये हाच सवाल मांडला होता, की समाजशास्त्रात काहींच्या वाट्याला सिद्धांत येतो आणि काहींच्या वाट्याला नुसती माहिती पुरवणं येतं. त्याआधी १९९८ साली त्याच साप्ताहिकात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याकडे आपलं, म्हणजे स्त्रीचळवळीचं, लक्ष वेधलं होतं. दलित बाईनं 'अनुभव' सांगायचा आणि त्याचा अर्थ दुसरीनं लावायचा, ही वाटणी आपल्या चळवळीतही आहे. आपल्या या त्रैमासिकातही किती शेतमजूर बायांची मनोगतं आपण छापली आणि अंक किती जणींच्या हाती दिला, हे आधी आपणच तपासू या.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. छापलेला कागद नसता तर आपल्या कितीतरी आज्या-पणज्या आपल्याला भेटल्याच नसत्या. ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या गुन्ह्यात १८८१ साली शिक्षा झाली आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या बाईजातीला झोडपणं सुरू झालं. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून त्याला उत्तर दिलं. पुण्याच्या शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी टीका केली, आणि ताराबाईंनी पुन्हा काही छापलं नाही. पुस्तक विस्मरणात गेलं ते ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. १९९१ मध्ये सुझी थारू आणि के. ललिता यांच्या भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या इंग्रजी संग्रहात त्यातला भाग आला, १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचा पूर्ण इंग्रजी अनुवाद आला. म्हणजे एक प्रत कुठेतरी शिल्लक होती आणि एका अभ्यासकानं ती वर काढली, म्हणून आज आपण ताराबाईंचं नाव घेतो. अभ्यासकांचं हे ऋण मान्य केलं पाहिजे. पण ज्या बाईचं काहीच छापलं गेलं नाही, तिचं काय?

याचं उत्तर दोन बायांनी कामातून दिलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. आंबेडकरी चळवळीत बायका होत्या, हजारोंनी होत्या, पण पुस्तकांत नव्हत्या. या दोघी गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना शोधून काढलं, जुने अंक चाळले. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. ते काढलं कुण्या विद्यापीठानं नव्हे, मुंबईच्या 'स्त्री उवाच'नं, म्हणजे आपल्यासारख्याच बायांच्या गटानं. नागपूरच्या स्टेशनवर ओझी वाहून पुढे शिक्षिका झालेल्या, मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी, गिरणी कामगारांच्या पुढारी राधाबाई कांबळे, अशा आपल्या विदर्भातल्या बाया आज आपल्याला ठाऊक आहेत त्या या कामामुळे. हे पुस्तक आधी मराठीत आलं. वंदना सोनाळकरांचा इंग्रजी अनुवाद 'झुबान'नं २००८ साली काढला, एकोणीस वर्षांनी. क्रम लक्षात घ्या. आधी ज्यांचा इतिहास त्यांच्या भाषेत, मग जगाच्या.

आणखी एक गोष्ट इथल्याच नागपूरची. २० जुलै १९४२ रोजी दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या बायांना रजा, असे ठराव त्या दिवशी झाले. संविधानाच्या आधी, हिंदू कोड बिलाच्या आधी. परिषदेचा अहवाल तेव्हाच छापला गेला, म्हणून हे ठराव आज आपण वाचू शकतो. नुसती भाषणं झाली असती तर वाऱ्यावर गेली असती.

बाहेरून आलेली अभ्यासक काय परत देऊ शकते, याचंही उदाहरण आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षं वह्या भरत होत्या. मॅक्सिन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या, संशोधनासाठी फलटणला आल्या. त्यांनी बेबीताईंच्या आठवणी नुसत्या आपल्या टिपणात उतरवून घेतल्या नाहीत, तर त्या बेबीताईंच्याच नावानं छापल्या जाव्यात म्हणून त्यांना उभारी दिली. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. माया पंडित यांचा इंग्रजी अनुवाद २००८ चा. मॅक्सिनबाई फलटणलाच राहिल्या, तिथे शाळा काढली. सगळ्यांनी गावात राहावं असं मी म्हणत नाही. पण माहिती घेणं आणि लिहिणारीला उभं करणं यातला फरक इथे दिसतो.

किमतीचंही तसंच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाता ना? तिथली पुस्तकांची दुकानं पाहा. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली, सर्वांना परवडतील अशा किमतीत. गंभीर, जाडजूड, संदर्भांनी भरलेली पुस्तकं. तरी लोक पिशव्या भरून नेतात. तेव्हा 'गरीब लोक वाचत नाहीत' हे कुणी सांगितलं तर त्यांना दसऱ्याला नागपूरला घेऊन जा.

आता नावाचा प्रश्न. आजींचं नाव का बदललं? संशोधनाचा तसा नियम असतो, आणि तो उगाच नाही. दारूविक्रेत्यानं आमच्या एका मैत्रिणीच्या घरावर दगड मारले होते. अत्याचाराबद्दल बोललेल्या बाईचं नाव छापणं तर गुन्हाच ठरेल. पण आजींना कुणी विचारलं होतं का, की तुमचं नाव छापू की झाकू? आयुष्यभर त्या 'अमक्याची बायको, तमक्याची माय' होत्या. एकदाच स्वतःच्या नावानं उभ्या राहिल्या, आणि तेवढंच नेमकं पुस्तकातून गेलं. काही बायांचं नाव झाकणं हे त्यांचं रक्षण आहे, काहींचं झाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. कोणतं काय, हे तिचं तिनं ठरवायचं.

म्हणून मी काही ठोस गोष्टी सुचवते. पटल्या तर ठराव करा, नाही पटल्या तर दुपारच्या सत्रात भांडा.

एक, कुणी संशोधक आली की तिला पाणी द्या, भाकर द्या, पण बोलण्याआधी चार अटीही सांगा. छापण्यापूर्वी आपलं बोलणं वाचून दाखवायचं. नाव छापायचं की नाही हे आपल्याला विचारायचं. निष्कर्ष मराठीत, चार पानांत का होईना, गावात येऊन सांगायचे. पुस्तकाची एक प्रत मंडळाला द्यायची.

दोन, मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही. झेरॉक्स द्या, मोबाईलवर फोटो द्या. रजिस्टर आपल्याच पेटीत राहील, आणि पेटी वाळवीपासून जपली जाईल.

तीन, आपल्या गटाच्या लढ्याची छोटी पुस्तिका आपणच काढायची, बत्तीस पानांची असली तरी चालेल. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशित पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. हा कायदा आपण हक्कासारखा वापरू. ताराबाईंची प्रत जशी शिल्लक राहिली तशी आपलीही राहील.

चार, ज्या वयस्क मैत्रिणी आज हयात आहेत त्यांचं बोलणं या हिवाळ्यातच नोंदवून घ्यायचं. कापसाचा वेचा संपला की बसू. प्रश्न आपल्यातल्या शिकलेल्या मुली विचारतील, पण काय विचारायचं ते आपण मिळून ठरवू.

इथून काही किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजींच्या लेखनाचे इंग्रजीत शंभर खंड निघाले, त्यांची दोन ओळींची पत्रंसुद्धा जपली गेली. त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच आश्रमाच्या शेतात राबलेल्या, दळणकांडण केलेल्या गावच्या बायांचं एक पान तरी आपल्याजवळ असायला हवं होतं. ते आता मिळणार नाही. आपलं मात्र अजून हाती आहे.

आजींच्या मुलीला मी मागच्या महिन्यात भेटले. पुस्तिकेत आजींचं खरं नाव घालायला तिची हरकत नाही, हे तिनं स्वतः सांगितलं. तेव्हा पहिलं पान त्यांचं असेल, त्यांच्या नावासकट. पुस्तिका निघेपर्यंत मी ते नाव मुद्दाम इथे घेत नाही. आधी ते त्यांच्या घरी छापील पानावर पोहोचू दे.

माझं बोलणं थांबवते. आता तुम्ही बोला.