कामुरोचोची ओळख

छत्तीस वर्षें शाळेंत व्याकरण आणि इतिहास शिकविलेल्या माणसानें जपानी गुंडांच्या व्हिडिओ गेमवर भाषण करावें, हें आपल्यापैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. माझ्या घरच्या मंडळींनाहि तें वाटतें. परंतु गेलीं चार वर्षें रोज दिवेलागणीनंतर तासभर मी या खेळाच्या सहवासांत घालवीत आलों आहें, आणि त्यांत मला जें सुख लाभलें तें सांगण्यास संकोच बाळगण्याचें कांहीं कारण मला दिसत नाहीं.

खेळाचें मूळ नांव ‘र्‍यू गा गोतोकू’, म्हणजे ‘ड्रॅगनसारखा’. सेगा या जपानी कंपनीनें त्याचा पहिला भाग ८ डिसेंबर २००५ रोजीं जपानांत विक्रीस काढला. पुढील वर्षीं तो ‘याकुझा’ या नांवानें इंग्रजींत आला. २०२२ पासून परदेशांतहि मूळ नांवाचें इंग्रजी रूपच चालतें. तोशिहिरो नागोशी हे या मालिकेचे जनक. पहिल्या दोन भागांच्या कथेवर हासे सेइशू यांची देखरेख होती. हासे हे गुन्हेगारी जगावर कादंबऱ्या लिहिणारे नामांकित लेखक. त्यांना पुढें २०२० सालीं नाओकी पारितोषिक मिळालें. हें मुद्दाम सांगतों, कारण व्हिडिओ गेम म्हटलें कीं नुसती पोरांची आदळआपट अशी आपली समजूत असते.

‘याकुझा’ या शब्दाची व्युत्पत्ति मोठी मौजेची आहे, आणि ती सांगितल्यावांचून मास्तराला पुढें जाववत नाहीं. जपानांत पत्त्यांचा एक जुना खेळ आहे. त्यांत हातांतील पानांच्या बेरजेचा एकं स्थानचा आंकडा तेवढा धरावयाचा. आठ, नऊ आणि तीन, म्हणजे ‘या-कु-सा’, अशीं पानें आलीं कीं बेरीज वीस होते, आणि हाताची किंमत शून्य! कुचकामी पानांचें हें नांव कुचकामी माणसांना चिकटलें, असें सांगतात.

खेळाचा नायक किर्‍यू काझुमा. अनाथालयांत वाढलेला, दोजिमा घराण्याच्या टोळींतला उमदा जवान. १९९५ सालीं त्याच्या जिवलग मित्राच्या हातून टोळीच्या मुख्याचा खून होतो. किर्‍यू तो आळ आपल्या माथीं घेतो आणि दहा वर्षें कारावास भोगून २००५ सालीं बाहेर येतो. तोंवर जग बदललेलें असतें. मित्र सत्तेच्या मागें लागून ओळखूं न येण्याइतका पालटला आहे, टोळीचे १० अब्ज येन नाहींसे झाले आहेत, आणि हारुका नांवाची नऊ वर्षांची एक मुलगी आईच्या शोधांत एकटीच वणवण फिरत आहे. तिचा हात धरून किर्‍यू चालूं लागतो, येथून मालिकेची खरी सुरुवात होते.

तो चालतो त्या वस्तीचें नांव कामुरोचो. हें नांव कल्पित. परंतु टोकियोंतील शिंजुकु भागांत काबुकिचो म्हणून जी प्रसिद्ध वस्ती आहे तिची ही हुबेहूब प्रतिकृति होय. काबुकिचोचीहि गंमत अशी कीं, युद्धानंतर तेथें काबुकी नाट्यगृह उभारण्याचा बेत होता म्हणून वस्तीला तें नांव दिलें. नाट्यगृह झालेंच नाहीं, नांव मात्र राहिलें. खेळांतला हा परिसर फार मोठा नाहीं. कमानीखालून आंत शिरलें कीं दहा मिनिटांत तो चालून संपतो. परंतु याच चार गल्ल्यांत १९८८ पासून पुढें तीस-पस्तीस वर्षांचा काळ आपण राहतों! दुकानें बदलतात, पाट्या बदलतात, एका भागांत दिसलेलें मोकळें आवार पुढच्या भागांत बांधून निघतें. एखाद्या पेठेंत जन्म काढलेल्या माणसाला जशी कोपऱ्याकोपऱ्याची आठवण असते, तशी मला कामुरोचोची आहे. टोकियो मी पाहिलेलें नाहीं. तथापि तेथें नूडल्स कोठें चांगले मिळतात तें मी सांगूं शकेन.

दीर्घ मालिकेचें जें खास सुख, तें एका उदाहरणानें सांगतों. पहिल्या भागाच्या अखेरीस ते १० अब्ज येन एका उंच मनोऱ्यावरून स्फोटांत उधळले जातात आणि खालच्या रस्त्यावर नोटांचा पाऊस पडतो. तेव्हां आपण त्याला शेवटची आतषबाजी समजतों. पुढें २०१० सालच्या चौथ्या भागांत अकियामा नांवाचा एक सावकार भेटतो. हा मनुष्य व्याज घेत नाहीं, तारण मागत नाहीं. कर्जदाराची एक परीक्षा मात्र घेतो. एके काळीं तो बँकेंतला हुद्देदार होता, नंतर रस्त्यावर आला, आणि त्याच्या धंद्याचें भांडवल म्हणजे त्या रात्रीं वरून पडलेल्या नोटा! पांच वर्षांपूर्वीं पेरलेलें बीं असें उगवलेलें पाहून मी खुर्चींत उठून बसलों.

मुख्य कथेपेक्षांहि मला या खेळांतल्या लहानसहान उपकथा अधिक प्रिय आहेत. १९८८ सालच्या पार्श्वभूमीचा एक भाग २०१५ सालीं निघाला. त्यांत एका मुलाचा नवा कोरा व्हिडिओ गेम कोणी हिसकावून नेतो. किर्‍यू चोराला गांठतो, तर त्याच्याकडून तो दुसऱ्यानें लुबाडलेला. दुसऱ्याला गांठावें, तर तिसऱ्यानें. अखेर तो एका मध्यमवयीन गृहस्थाच्या हातीं सांपडतो, आणि तो निघतो त्या मुलाचाच बाप. आपल्या मुलाला द्यावयाचा म्हणूनच त्यानें तो मिळविलेला असतो. टोळीयुद्ध पेटलें असतां नायक या असल्या कामांत दोन दोन तास घालवितो. त्याला कोणी उगीच थांबवून गाऱ्हाणें सांगितलें तरी तो शेवटपर्यंत ऐकून घेतो. शिवाय वाटेंत गाण्याचे अड्डे, खेळण्यांतल्या मोटारींच्या शर्यती, माजोंग, आणि शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. शोगी मी येथेंच शिकलों. त्यांत मारलेलें मोहरें पेटींत जात नाहीं. मारणारा तेंच मोहरें आपल्या बाजूनें पुन्हां पटावर मांडूं शकतो. आपल्या बुद्धिबळाची संवय असलेल्याला हें पचनीं पडण्यास महिना लागतो.

आतां आक्षेपाकडे वळूं. गुंडांना नायक करून हा खेळ गुन्हेगारीचें उदात्तीकरण करीत नाहीं काय? करतो, थोडें करतो. किर्‍यू कोणाचा जीव घेत नाहीं असा खेळाचा संकेत आहे. पण रस्त्यावरची सायकल उचलून ती माणसाच्या डोक्यांत घातल्यावर तो माणूस क्षमा मागून पळून जातो, हें शरीरशास्त्रांत कसें बसतें तें मी विचारीत नाहीं. अनेक भागांच्या शेवटीं दोघे पुरुष उंच गच्चीवर सदरे काढून, पाठीवरचीं गोंदणें दाखवीत एकमेकांवर तुटून पडतात. याचाहि पुढें कंटाळा येतो. स्त्रीपात्रांना तर लेखकांनीं बहुधा रडण्यासाठीं किंवा मरण्यासाठींच निर्माण केलें आहे. ही उणीव लहान नव्हे.

तरीहि खेळ मला सोडवत नाहीं तो एका प्रश्नामुळें: शिक्षा भोगून आलेल्या माणसानें पुढें जगावयाचें कसें? माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी मारामारीच्या खटल्यांत सात वर्षें आंत होता. सुटल्यावर तो मजकडे वर्तणुकीचा दाखला मागावयास आला. मीं दाखला दिला. तो घेऊन तो अकरा ठिकाणीं गेला, आणि अकराहि ठिकाणीं त्याला दाखल्यासह परत पाठविण्यांत आलें. पुढें तो गांव सोडून गेला. २०२० सालच्या सातव्या भागांत कासुगा इचिबान हा नवा नायक पाहिला तेव्हां मला त्याची पदोपदीं आठवण झाली. कासुगाहि दुसऱ्याचा गुन्हा माथीं घेऊन अठरा वर्षें तुरुंगांत काढतो, आणि अखेर योकोहामांतल्या बेघरांच्या झोपड्यांत येऊन पडतो. त्याचे सोबती म्हणजे नोकरीवरून काढलेला पोलीस आणि परवाना गेलेला परिचारक. नोकरी लावून देणाऱ्या सरकारी कचेरीच्या रांगेंत हा नायक उभा राहतो!

यामागें जपानची वास्तव स्थिति आहे. १९६३ सालीं तेथें टोळ्यांचे सभासद सुमारें १ लक्ष ८४ हजार होते. १९९२ पासून टोळ्यांविरुद्धचा कायदा अमलांत आला, २०११ पर्यंत साऱ्या प्रांतांत बहिष्काराचे नियम झाले, आणि २०२३ अखेर हा आंकडा सुमारें २० हजारांवर उतरला. हें इष्टच झालें. परंतु टोळी सोडलेल्या माणसालाहि साधारण पांच वर्षें बँकेंत खातें उघडतां येत नाहीं, घर किंवा फोन स्वतःच्या नांवावर घेतां येत नाहीं. पगार जमा व्हावयास खातें नाहीं म्हणून नोकरी नाहीं, आणि नोकरी नाहीं म्हणून पुन्हां जुनी वाट. २०२४ सालच्या भागांत कासुगा अशाच माणसांना कामें मिळवून देत असतो, आणि खेळणाऱ्याला त्यांच्याबरोबर दारोदार हिंडावें लागतें. एवढा रूक्ष विषय खेळांत घालण्याचें धाडस मला फार आवडलें.

ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांनीं १९८८ सालच्या पार्श्वभूमीचा भाग प्रथम घ्यावा. बोलणें जपानीच ठेवावें व खालील इंग्रजी ओळी वाचाव्यात. किर्‍यूला आवाज देणारे कुरोदा ताकाया यांचा तो खर्जांतला स्वर मुकवूं नये. माझ्यासारख्यांचीं बोटें आंखडलीं असतील तर सातवा भाग सोयीचा, कारण त्यांत पाळीपाळीनें लढावयाचें असतें आणि विचार करावयास हवा तितका वेळ मिळतो. मी स्वतः सध्यां २०२४ च्या भागांत आहें. त्यांत किर्‍यू पंचावन्न वर्षांचा आहे, त्याला कर्करोग झाला आहे, आणि तो जुन्या ठिकाणीं जाऊन जुन्या आठवणी काढीत फिरतो. माझे सोबती अद्याप होनोलुलूंत आहेत; उद्यां सायंकाळीं त्याच्याबरोबर योकोहामास परत यावयाचें आहे.