बोटं मोबाइलवर, नजर टीव्हीवर



दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आठ-दहा जण जमले होते. भाच्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला, ब्राउझरमध्ये गाड्यांच्या शर्यतीचा खेळ उघडला आणि म्हणाला, "मामा, मोबाइल काढ." टीव्हीवरचा क्यूआर कोड आम्ही स्कॅन केला आणि प्रत्येकाचा मोबाइल त्याचा कंट्रोलर झाला. कुणालाही ॲप घ्यावं लागलं नाही.

हे जमतं कसं? एरवी वेबपान उघडणं म्हणजे पत्रव्यवहार. ब्राउझरने विचारायचं, सर्व्हरने उत्तर द्यायचं, विषय संपला. वेबसॉकेट नावाची पद्धत २०११ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात फोनवर बोलतो तशी लाइन चालूच राहते. अंगठा टेकला की 'डावीकडे' एवढाच निरोप सर्व्हरकडे आणि तिथून टीव्हीवरच्या खेळाकडे जातो.

खरी गोम आहे ती या निरोपाच्या वाटेत. असे खेळ सहसा सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. निरोप अमेरिकेतल्या सर्व्हरला वळसा घालून आला, तर सुमारे २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे बारा चित्रं उलटतात. तुम्ही वेळेवर वळता, गाडी मात्र कठड्यावर जाते. वहिनीची तशी तीनदा आदळली, आणि ती बिचारी स्वतःलाच दोष देत राहिली! वेबआरटीसी नावाची दुसरी पद्धत वापरली तर एकाच वायफायवरचे मोबाइल आणि लॅपटॉप थेट बोलू शकतात, वळसा वाचतो. शिकागोच्या जॅकबॉक्स गेम्सने दुसरी वाट धरली. २०१४ पासूनच्या त्यांच्या पार्टी पॅकमध्ये चार अक्षरी कोड टाकून खेळात शिरायचं आणि मोबाइलवर उत्तर लिहायचं किंवा चित्र काढायचं. तिथे पाव सेकंद उशीर झाला तरी काही अडत नाही. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते.

दुसरी अडचण काचेची. खऱ्या बटणाला कड असते, ती बोटाला कळते. काचेवरचं बटण नुसतं चित्र. आईचा अंगठा चार-पाच मिलिमीटर सरकला, गाडी थांबली. बटण शोधायला तिने मान खाली घातली, तेवढ्यात सगळे पुढे गेले. जिथे मान खाली घालावी लागते तो खेळ फसला, असं मी ठामपणे म्हणेन. एकाच पडद्याकडे बघत एकत्र ओरडणं, हेच तर या खेळांचं सुख.

भाच्याने मग दुसरा खेळ लावला. त्यात मोबाइलचा अख्खा डावा अर्धा भाग म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे. आईने दोन फेऱ्या पूर्ण केल्या, एकदाही खाली न बघता.