उचगावात उचगावकर का नाहीत?

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आरतीनंतर आणि प्रसादाच्या आधी बोलायला उभं राहणं म्हणजे मोठी जोखीम. स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास येतोय, त्यामुळे मी फार लांबण लावणार नाही.

विषय माझाच आहे, म्हणजे माझ्या आडनावाचा. गेली पस्तीस वर्षं या मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर माझं आडनाव दर वेळी वेगळं पडतं. कधी उंचगावकर, कधी उरगावकर, एकदा तर नुसतं गावकर. मंडळाचा यात दोष नाही. आडनावच दुर्मीळ आहे. पाटील, जोशी, कुलकर्णी लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही. आमचं ऐकल्यावर समोरचा पेन थांबवतो आणि विचारतो, "हे कुठलं?"

तर हे उचगाव. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की हिंडलगा, सुळगा आणि मग उचगावचा फाटा. बेळगावपासून दहा-बारा किलोमीटर. तोच रस्ता पुढे तुरमुरी, बाची करत गेला की शिनोळी येतं, आणि ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. गावची मळेकरणी देवी पंचक्रोशीत प्रसिद्ध. मंगळवारी आणि शुक्रवारी देवीच्या आमराईत पाय ठेवायला जागा नसते. गावात मराठी साहित्य संमेलन भरतं, तसं ते कडोलीत, येळ्ळुरात, सांबऱ्यातही भरतं.

काही वर्षांपूर्वी मी मुद्दाम गावी गेलो, आपले भाऊबंद शोधायला. फाट्यावर उतरलो आणि चहाच्या टपरीवर एका आजोबांना विचारलं, "इथं उचगावकरांची घरं कुठं आहेत?" ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "कोण उचगावकर? आमी सगळेच उचगावकर की वो!"

मंडळी, त्या एका वाक्यात आडनावांचं अर्धं शास्त्र आलं. गावात सगळेच उचगावचे, तेव्हा कुणाला तसं म्हणून वेगळं ओळखण्यात अर्थ नाही. 'कर' म्हणजे तिथला. हे बिरुद माणसाला गाव सोडल्यावर चिकटतं, आणि तेही दुसरे चिकटवतात. म्हणून उचगावकर शोधायचे तर उचगाव सोडून बाकी सगळीकडे शोधावेत.

आमच्या भागात हा नियम किती पक्का आहे पाहा. हिंडलग्याचे हिंडलगेकर, सुळग्याचे सुळगेकर, सांबऱ्याचे सांबरेकर, मुतग्याचे मुतगेकर, होनग्याचे होनगेकर. गावाच्या नावाअखेर 'ई' असली की ती गळते: कडोलीचे कडोलकर, कंग्राळीचे कंग्राळकर, बेळगुंदीचे बेळगुंदकर. बेळगावच्या बाजारात दुकानांच्या पाट्या वाचत चाललात, तर तालुक्याचा नकाशा वाचून होतो.

निपाणीचं उदाहरण तर दुपदरी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले तिथले देसाई सिधोजीराव नाईक-निंबाळकर. निंबाळकर हे आडनाव फलटणजवळच्या निंबळक गावाचं, आणि ते घराणं मूळचं पवारांचं असं परंपरा सांगते. ते निपाणीत आले, तेव्हा लोक त्यांना निपाणकर म्हणू लागले. म्हणजे पवार, त्यावर निंबाळकर, त्यावर निपाणकर. कांद्याच्या पाकळ्यांसारखी एकावर एक तीन नावं, आणि प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्थलांतर.

काही वेळा असं आडनाव गावापासून इतकं लांब जातं की गावाचा विसर पडतो. देशाचे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर 1901 साली साताऱ्यात जन्मले, पण त्यांच्या आडनावातलं गजेंद्रगड आज कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात आहे. डॉ. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातलं तेव्हा भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली, आणि पुढचा इतिहास तुम्ही जाणता. गोव्यातल्या मंगेशी या एकाच गावाने आपल्याला दोन मोठे गायक दिले. दीनानाथांच्या आडनावात गाव आलं, ते मंगेशकर. जितेंद्रबुवांच्या आडनावात देवाची सेवा आली, ते अभिषेकी.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. जर्मन भाषेत गावाच्या नावाला 'अर' लावून आडनाव होतं. बर्लिनचा बर्लिनर, नुर्नबर्गचा नुर्नबर्गर, फ्रँकफुर्टचा फ्रँकफुर्टर. म्हणजे सरळसरळ आपला फ्रँकफुर्टकर! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 1939 ते 1962 या काळात फेलिक्स फ्रँकफुर्टर नावाचे न्यायमूर्ती होते. जन्म व्हिएन्नाचा, काम अमेरिकेत आणि आडनाव फ्रँकफुर्टचं. आपले गजेंद्रगडकर आणि ते फ्रँकफुर्टर एका पंगतीला बसले असते, तर त्यांना एकमेकांची आडनावं समजावून सांगावी लागली नसती.

गंमत म्हणजे फ्रँकफुर्टं दोन आहेत, एक माइन नदीवरचं आणि दुसरं ओडर नदीवरचं. उचगावंही दोन आहेत. एक आमचं, आणि दुसरं करवीर तालुक्यातलं, कोल्हापूर शहराला लागून असलेलं. म्हणून माझ्या आडनावाचा गृहस्थ भेटला की मी आधी विचारतो, "मळेकरणीचे की कोल्हापूरकडचे?" गाव एकच निघालं तरी नातं निघेलच असं नाही. एकाच गावातून एक कुलकर्णी बाहेर पडला, एक जाधव बाहेर पडला, एक सुतार बाहेर पडला, आणि परगावी तिघेही उचगावकर झाले. आडनाव तेच, पण कुळ वेगळं, देवक वेगळं.

आता असे किती असतील? जर्मनांनी यासाठी मोठा उद्योग केला. 2005 सालच्या टेलिफोन जोडण्यांची नावं घेऊन त्यांनी साऱ्या देशाचा आडनावांचा नकाशासंग्रह तयार केला. कुठलं आडनाव कुठल्या भागात दाट आणि कुठे विरळ, हे त्यात दिसतं. आपल्या जनगणनेत माणसं मोजली जातात, आडनावांचे तक्ते छापले जात नाहीत. मतदारयादी पाहावी, तर सीमाभागात आणखी पंचाईत. एकाच घरातली नावं मराठीत एक, कानडीत दुसरं, इंग्रजीत तिसरं. इंग्रजीत कुणाच्या नावात एक 'ए' जास्त, तर कुणाचा 'एन' गळालेला. मराठीतही 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी 'गांव'वरचा अनुस्वार गेला. त्यामुळे माझे वडील उचगांवकर आणि मी उचगावकर. संगणकाला विचाराल, तर आम्ही बापलेक नाहीच.

हसू येतं, पण हेच एकदा आमच्या अंगाशी आलं.

माझे आजोबा पाटील. गावात कुणी त्यांना वेगळं काही म्हणत नव्हतं. मुंबईला गिरणीत लागले आणि गिरणगावात गावकीच्या खोलीत राहिले. त्या खोलीत आधीच चार पाटील होते, चार वेगवेगळ्या गावांचे. हाक मारली की चौघे ओ देत. म्हणून आजोबा झाले उचगावकर. खोलीत झाले, मग गिरणीच्या मस्टरवर झाले, आणि वडिलांना मुंबईच्या शाळेत घातलं तेव्हा दाखल्यावर कायमचे झाले. गावी राहिलेले धाकटे आजोबा पाटीलच राहिले.

पुढे 1956 साली राज्यं बदलली. बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि जमिनीचा उतारा कानडीत आला. धाकटे आजोबा गेल्यावर वारसा लावायची वेळ आली. एका कचेरीत आम्हाला विचारलं, "जमीन पाटलांची, तुम्ही उचगावकर. तुमचा संबंध काय?" माझ्या वडिलांना, स्वतःच्या बापाच्या शेतावर, संबंध काय म्हणून विचारलं! वडील घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

शेवटी उपयोगी पडला तो शाळेचा दाखला. वडील पहिली-दुसरी उचगावच्या शाळेत शिकले होते. तिथल्या जनरल रजिस्टरात त्यांचं नाव पाटील. मुंबईच्या दाखल्यावर नाव उचगावकर, पण 'पूर्वीची शाळा' या रकान्यात उचगाव आणि जन्मतारीख तीच. दोन्ही कागद शेजारी ठेवले, प्रतिज्ञापत्र केलं, आणि मग कुठे माझे वडील आपल्या बापाचा मुलगा ठरले. चुलत्यांनी आडमुठेपणा केला असता तर ते कागदही पुरले नसते. पण माझे चुलते स्वतः कचेरीत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा माझा थोरला भाऊच हाय. नाव काय बी लिवा."

तेव्हापासून मी आडनावांच्या मागे लागलो, आणि एक जुनं गणित वाचनात आलं. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज विद्वानाला प्रश्न पडला, की मोठमोठ्या घराण्यांची आडनावं नाहीशी का होतात? वॉटसन नावाच्या धर्मोपदेशक गणितज्ञाच्या मदतीने त्याने 1874 साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या मार्गाने आपणही हिशेब करू. समजा शंभर आडनावं आहेत आणि प्रत्येकाचा एकेकच पुरुष आहे. प्रत्येकाला एकही मुलगा नसणं, एक असणं किंवा दोन असणं, तिन्ही सारखंच शक्य धरा. म्हणजे सरासरी एक मुलगा. वाटतं, शंभराची शंभर टिकतील. पण हिशेब सांगतो, की पहिल्या पिढीतच सुमारे 33 आडनावं संपतात, दुसऱ्या पिढीअखेर 48 आणि तिसऱ्या पिढीअखेर 57. कुणाचा दोष नसतो, कुणाचा शाप नसतो. पाटलांच्या हजारो घरांत एका घरात मुलगा नसला तर दुसऱ्या घरात असतो. उचगावकरांना दुसरं घर नसतं.

पूर्वी याला एक उतारा होता. जुनी आडनावं जात, तशी नवी होत. माणूस गाव सोडे आणि नवा 'कर' जन्माला येई. आता आधार कार्ड, पासपोर्ट, बँकेचं खातं यांनी आडनाव जागच्या जागी गोठवलं. जपानने 1875 साली आणि तुर्कस्तानने 1934 साली कायदा करून प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावलं. आपल्याकडे असा एखादा कायदा झाला नाही. शाळेच्या दाखल्यांनी आणि मस्टरांनी ते काम गुपचूप केलं. आज इथून कुणी न्यू जर्सीला गेला, तर तो न्यूजर्सीकर होत नाही.

मला दोन मुली. धाकट्या भावाला मूलबाळ नाही. थोरलीने लग्नानंतर आमचंच आडनाव ठेवलंय, धाकटीने सासरचं घेतलं. दोघी सुखात आहेत आणि मला त्याचं काही दुःख नाही. नातवाला कुठलं आडनाव लावायचं ते त्याच्या आई-बापांनी ठरवावं. आडनाव वाचवायला म्हणून वंशाचा दिवा मागणाऱ्यांतला मी नव्हे. माझी काळजी वेगळी आहे. आडनाव गेलं तर जाऊ दे, पण त्यात बांधून ठेवलेला पत्ता हरवू नये. पाटील कोण होते, गाव कुठलं, कोण कधी आणि कशासाठी बाहेर पडलं, हे सांगणारं माझ्या घरात आता मी एकटाच उरलोय. आणि या सभागृहात माझ्यासारखे अनेक 'एकटेच' बसलेत, हे मला ठाऊक आहे.

म्हणून मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत दर कुटुंबाला अर्धं पान द्या. फोटो नको, पदव्या नकोत. चारच ओळी हव्यात: आडनाव आणि त्याआधीचं आडनाव; गाव, तालुका आणि ग्रामदैवत; पहिल्यांदा गाव कुणी सोडलं आणि का; गावी राहिलेल्या शाखेचं आज आडनाव काय. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला आज रात्रीच विचारावं. पुढच्या गणपतीपर्यंत थांबू नका. माझ्या वडिलांना विचारायचे राहिलेले प्रश्न अजून माझ्या वहीत तसेच आहेत.

माझं अर्धं पान मी लिहून आणलंय. ते आत्ताच चिटणीसांच्या हाती देतो. त्यात आडनावाच्या रकान्यात तीन शब्द आहेत: पाटील, उचगांवकर, उचगावकर. छापताना अनुस्वार तेवढा जपा, तो वडिलांचा आहे.

गणपती बाप्पा मोरया!