चिलमीचा धूर आणि गळ्यातली माळ
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, हरिपाठानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)





शंभर वर्षांच्या सोहळ्यात काय बोलावं, असा आम्हांला प्रश्न पडला होता. पूर्वजांनी बैलगाडीवर सामान लादून वारी कशी केली, पावसात राहुट्या कशा उडाल्या, एका पिठल्यावर शंभर माणसं कशी जेवली, हे सगळं या स्मरणिकेत दुसऱ्या मंडळींनी लिहिलंच आहे. आम्ही आज जे बोलणार आहोत ते कौतुकाचं नाही. पण शंभर वर्षं चाललेल्या दिंडीनं एकदा आपल्याच पायाखाली बघावं, म्हणून बोलतो. विषय गांजाचा आहे.

काही जण मान खाली घालतील, काही जण म्हणतील, सोहळ्यात हे कशाला? माउली, घरातलं दुखणं घरच्यांनीच बोलायचं असतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच दिंडीतला, आपल्याच शिवेतला एक पोरगा. नाव सांगणार नाही, ओळखणारे ओळखतील, पण तोंडातून काढू नका. सोळाव्या वर्षी पताका खांद्यावर घेऊन आला. दिवे घाट चढून सासवडला आला तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. सामानाच्या ट्रकमागं चार मोठी माणसं बसली होती. त्यांतल्या एकानं चिलीम पुढं केली, म्हणाला, "एक झुरका मार, पाय हलके होतील." पोरानं मारला. पाय हलके झाले की नाही ठाऊक नाही, पण रोज मुक्कामाला तो ट्रकमागं दिसू लागला. वारी संपली, गावात आला, तिथंही ठिकाण सापडलं. तीन वर्षांत रोजचं झालं.

तिसऱ्या वारीत बरडच्या मुक्कामी तो रात्री उठून बसला. म्हणायला लागला, तंबूतली माणसं माझ्याविषयी बोलतायत, मला मारायचा बेत आहे. कुणी बोलत नव्हतं, सगळे झोपले होते. समजूत घालेपर्यंत अंधारात निघून गेला. तिसऱ्या दिवशी सापडला, अनवाणी, पायाला जखमा, आईलासुद्धा ओळखेना. त्याची आई आपल्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालते. तिनं आम्हांला एकच विचारलं, "आवं, तुम्ही समदी माळकरी माणसं तिथंच होता न्हवं?"

होतो. आम्ही तिथंच होतो. ट्रकमागं काय चालतं ते आम्हांला माहीत होतं. आम्ही पाठ फिरवून हरिपाठ म्हणत होतो. आजचं हे बोलणं म्हणजे त्या माउलीच्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आता आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण अर्धवट माहितीनं भांडण होतं, सुधारणा होत नाही. झाड एकच. त्याच्या पानांची होते भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचा होतो गांजा. त्याच्या चिकाचा होतो चरस. तिन्हींत नशा आणणारं द्रव्य एकच, त्याला डॉक्टर टीएचसी म्हणतात. पानांत ते कमी, फुलोऱ्यात जास्त, चिकात त्याहून जास्त. म्हणून "आम्ही गांजा नाही, नुसती भांग घेतो" असं म्हणणाऱ्यानं लक्षात ठेवावं, की झाड काही बदललेलं नाही.

घ्यायच्या तऱ्हा दोन. एक धुराची, एक पोटातून. चिलमीत तंबाखूबरोबर चुरून भरतात, खाली ओली छापी लावतात आणि छाती भरून ओढतात. पोरं आता बिडी-सिगारेट मोकळी करून त्यात भरतात. धूर छातीत गेला की दोन-चार मिनिटांत मेंदूत पोचतो आणि दोन-तीन तास अंमल राहतो. छापीमुळं धूर गाळला जातो असं जुनी माणसं म्हणतात. तसं नाही. छापीनं धूर थोडा गार होतो आणि घशात राख जात नाही, एवढंच. धुरातलं डांबर सरळ फुफ्फुसात जातं. वर तंबाखू मिसळलेली, म्हणजे तंबाखूचे सगळे रोग फुकटात. आणि एकच चिलीम सात-आठ तोंडांत फिरते. दाटीवाटीनं बसून खोकत ओढणाऱ्यांत एकाला क्षय असला, तर बाकीच्यांना व्हायला किती वेळ?

दुसरी तऱ्हा पोटातून, म्हणजे महाशिवरात्रीला, होळीला घोटलेली भांग, थंडाई, गोळी, भजी. इथं धोका वेगळा आहे, नीट ऐका. पोटातून घेतलेली भांग चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. माणूस एक पेला घेतो, अर्ध्या तासात काही होत नाही, म्हणतो पाणचट आहे, दुसरा घेतो. मग दोन्ही एकदम चढतात. सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त उतरत नाही. छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, मी आता मरतो असं वाटतं, कुणाला भास होतात. दरवर्षी सणाला दवाखान्यात येणारी माणसं बहुतेक अशीच असतात. दही, लिंबू, तूप देऊन भांग उतरत नाही. उतरवणारं औषध एकच, वेळ. तोवर त्या माणसाला शांत जागी बसवा, धीर द्या, एकटं सोडू नका. झोपी गेला तर कुशीवर निजवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. जागा होत नसेल, छातीत कळ येत असेल, तर बोळे-काढे न करता 108 ला फोन करा आणि काय घेतलंय ते खरं सांगा. डॉक्टर पोलीस नाहीत.

वारीत चालणाऱ्यासाठी खास सांगतो. गांजाचा दम मारला की नाडी मिनिटाला वीस ते पन्नास ठोके वाढते. उठून उभं राहताना रक्तदाब खाली येऊन भोवळ येते. आता विचार करा. साठी उलटलेला माणूस, रक्तदाबाची गोळी चालू, उन्हात पंधरा-वीस किलोमीटर चाललेला, पाणी कमी प्यालेला, आणि विसाव्याला चिलीम. हृदयाला आपण होऊन चढण दिली. "थकवा जातो" म्हणतात. थकवा जात नाही, तो कळेनासा होतो. पायाला फोड आलाय, अंगातलं पाणी आटलंय, हे शरीर सांगत असतं, आणि आपण त्याचं तोंड दाबतो. पाय दुखले तर मीठ-साखरेचं पाणी घ्यावं, तेल चोळावं, पाय उशाला लावून पडावं. आपल्या पणजोबांनी एवढ्यावरच वाऱ्या केल्या.

रोज ओढणाऱ्याला कायमचा खोकला लागतो, बोलणं विसरायला होतं, कामात मन राहत नाही. दहांतल्या साधारण एकाला त्याची सवय जडते, आणि पोरवयात सुरुवात केली तर हे प्रमाण सहांत एक होतं. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात रोजचा गांजा म्हणजे ओल्या भिंतीवर घातलेला घण. आपल्या पोराबद्दल डॉक्टर म्हणाले, "एकट्या गांजानं झालं असं छातीठोक सांगता येत नाही. काहींच्या अंगातच या आजाराचं बी असतं. पण कडबा वाळलेला असताना ठिणगी कुणी टाकली, हेही बघावं लागतं." हे खरं बोलणं. गांजा ओढणारा प्रत्येक जण वेडा होत नाही. पण कुणाच्या अंगात कडबा वाळलेला आहे, हे चिलीम पुढं करणाऱ्याला दिसत नसतं.

आता आमच्याशी वाद घालणारे काय म्हणतात? पहिलं, हा भोलेनाथाचा प्रसाद आहे. बाबांनो, शंकरानं हलाहलही प्यालं होतं, ते कुणी मागत नाही! आणि आपण वारकरी. माळ घालताना मांस-मद्य-नशा सोडल्याची आण आपण घेतली. भांग-तंबाखूला साधन म्हणणाऱ्या ढोंगी साधूंवर तुकोबारायांनी गाथेत कोरडे ओढले आहेत. गाडगेबाबांनी तर कीर्तन म्हणजे व्यसनाविरुद्धचा खराटाच केला होता.

दुसरं, हे औषध आहे. होय, आयुर्वेदात विजया आहे, पण शोधन करून, मात्रा मोजून, वैद्यानं द्यायची. आधुनिक डॉक्टरही काही प्रकारच्या फिट्सवर, कर्करोगाच्या उपचारातल्या उलट्यांवर या झाडातली द्रव्यं वापरतात. पण अफूपासूनही औषध होतं, म्हणून कुणी अफू खात बसत नाही.

तिसरं, इंग्रजांच्या आयोगानंसुद्धा म्हटलं होतं की थोडा घेतला तर फारसं बिघडत नाही. तेही खरं आहे. 1893 साली नेमलेल्या आयोगानं तसं लिहिलं, आणि अतिरेक घातक आहे हेही लिहिलं. पण थोडा कुठं संपतो आणि अति कुठं सुरू होतो, हे त्या पोराला सोळाव्या वर्षी कोण सांगणार होतं?

एकट्या आपल्याच दिंडीला नावं ठेवू नका. 2019 साली सरकारनं देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. दहा ते पंचाहत्तर वयाच्या माणसांत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे तीन कोटी दहा लाख निघाले. दिंडी म्हणजे गावच चालत निघालेलं असतं. गावात जे आहे ते दिंडीत येणारच.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. 1985 च्या कायद्यानं गांजा आणि चरस बंद आहेत. भांगेच्या पानांचा विषय राज्याच्या कायद्यात येतो, म्हणजे तीही मोकळी नाही. किलोभरापर्यंत गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर म्हणजे दहा ते वीस वर्षं. उसात, तुरीत चार झाडं लावणाऱ्यालाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दिंडीच्या ट्रकमध्ये पुडी सापडली, तर शंभर वर्षांचं नाव एका पंचनाम्यात जाईल.

मग आम्ही काय केलं? ज्यानं त्या पोराला पहिली चिलीम दिली, ते आपल्यातलेच एक वयस्कर वारकरी. चाळीस वर्षं ओढत होते. बैठकीत बरीच मंडळी म्हणाली, यांना दिंडीतून काढा. आम्हीही रागात होतो. तेव्हा ती पोराची आईच बोलली, "काढू नका. काढलं तर ते दुसऱ्या ट्रकमागं बसतील." मग ठरलं, राहायचं तर सोडायचं, आणि सोडायला आपण सोबत करायची. त्यांनी सोडलं. पहिला आठवडा झोप नाही, अंगाला घाम, अन्न जाईना, बारीकसारीक गोष्टीवरून चिडायचे. टाळकऱ्यांनी पाळ्या लावून त्यांच्याजवळ बसायचं ठेवलं. दोन-अडीच आठवड्यांनी निवळलं. मध्ये एकदा घसरले, स्वतःच येऊन सांगितलं, पुन्हा सुरुवात केली. आज ते भिशीवर भाकरी मोजतात, आणि ट्रकमागं कुणी नवा पोरगा रेंगाळला तर पहिल्यांदा तेच उठतात.

गांजा सोडवणारी खास गोळी नाही. माणसं आणि समुपदेशन, हेच औषध. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. मन बिघडल्यासारखं वाटलं, भास होत असले, तर 14416. हे आकडे आपण यंदा प्रत्येक तंबूच्या खांबाला लावले आहेत. आणि भास होणाऱ्याला देवऋष्याकडं नेऊन महिने घालवू नका. त्या पोराचे पहिले चार महिने आपण तसेच घालवले, तेही आपल्याच खात्यावर आहेत.

शताब्दीच्या निमित्तानं दिंडीनं तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, सामानाच्या ट्रकमागं रात्री दिवा राहील आणि दोन माणसं पाळीनं बसतील. दोन, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक पोराला एक वडीलधारी जोडीदार, मुक्कामाला त्यानंच विचारायचं, पाय कसे आहेत? तीन, जो येऊन सांगेल की मला सोडायचंय, त्याचं नाव फळ्यावर जाणार नाही. आणि तंबाखूची पुडी खिशात ठेवून गांजावर बोलणाऱ्यांनी, आमच्यासकट, आधी आपला खिसा झाडावा. आम्ही गेल्या कार्तिकीला झाडला. अजून हात खिशाकडं जातो, खोटं कशाला बोलू!

तो पोरगा आता औषधावर आहे. गोळ्या रोज घ्याव्या लागतात, पूर्वीसारखा बोलत नाही. पण गेल्या वर्षी वाखरीच्या रिंगणात आईच्या शेजारी उभा होता. पताका मागितली नाही, आम्हीही दिली नाही. घोडा धावून गेला तेव्हा मात्र वाकून माती कपाळाला लावली. यंदा तो पताका मागेल तेव्हा ती द्यायला आपले हात स्वच्छ असावेत, एवढंच आमचं मागणं आहे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! रामकृष्ण हरी.