वाळवंटातील सुवर्णशोध



आजच्या व्याख्यानाचा विषय कळताच माझ्या एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, वाळवंटात सोने कसे शोधतात हे ऐकून आम्हाला काय करायचे? आमच्या वाट्याला ना वाळवंट, ना सोने!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण सोने शोधण्याची हौस तरी आपल्या वाट्याला पुरेपूर आली आहे. माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या एका पडक्या वाड्यात गुप्तधन आहे, अशी वदंता होती. वाड्याच्या मालकांनी कुठूनसा एक पायाळू माणूस आणला. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले. त्याने परसातली एक जागा दाखवली. तीन रात्री खणल्यावर निघाली एक फुटकी घागर, आणि पुढच्या पावसाळ्यात पाया उघडा पडलेली परसाची भिंत कोसळली ती वेगळीच. ही भिंत आपण लक्षात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता पायाळूची जागा यंत्राने घेतली आहे. त्याला मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक, म्हणतात. एका दांड्याच्या टोकाला तारेचे वाटोळे वेटोळे, दुसऱ्या टोकाला विजेची पेटी, आणि शोधणाऱ्याच्या कानांवर हेडफोन, एवढाच त्याचा सरंजाम. वेटोळ्यातून बदलता वीजप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला तर त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि ते स्वतःचे एक क्षीण क्षेत्र निर्माण करतात. यंत्र ते ओळखते, आणि कानात नाद उमटतो. यात मंत्र नाही आणि अंजनही नाही.

या यंत्राचा पूर्वेतिहास मोठा बोधप्रद आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात कुठे रुतली आहे हे शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल असेच एक यंत्र घेऊन त्यांच्या बिछान्यापाशी गेले. गोळी काही सापडली नाही. पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, असे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसाट्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग हुडकणारे यंत्र तयार केले, आणि १९४२ साली अल अलामेनच्या वाळूत सैन्याने त्याच्या साहाय्याने वाटा मोकळ्या केल्या. माणसाचा जीव वाचवण्यासाठी जन्मलेले हे यंत्र मागाहून सोन्याच्या मागे लागले.

सोन्यासाठी वाळवंटच का, असे आपण विचाराल. आपल्या सराफकट्ट्यावरचा झारेकरी आठवा. पेढीपुढचा केर तो पाण्यात घोळतो. हलकी माती वाहून जाते आणि जड सोने तळाशी राहते, कारण सोने पाण्याच्या एकोणीसपट जड आहे. निसर्ग हेच काम कोट्यवधी वर्षे करीत आला आहे. गारगोटीच्या शिरांतून सोने असते. ऊन, वारा, पाऊस यांनी दगड झिजतो, हलकी माती उडून किंवा वाहून जाते, आणि सोन्याचे खडे जागच्या जागी, थोड्याशा मातीखाली उरतात. वाळवंटात झाडझाडोरा कमी असतो, जमीन उघडी असते, आणि नदी नसल्यामुळे पूर्वीच्या शोधकांना माती धुऊन पाहता येत नसे. म्हणून त्यांच्या हातून पुष्कळ राहून गेले.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कूलगार्डी येथे १८९२ साली आणि कालगुर्लीला १८९३ साली सोने सापडले, तेव्हा हजारो माणसे त्या रखरखीत मुलखात धावली. तिथे पाणी सोन्याच्या भावाने विकले जाई. शोधक माती वाऱ्यावर पाखडत, जसे आपले शेतकरी खळ्यावर धान्य उफणतात तसे. सामान वाहायला उंट लागले, आणि उंट व उंटवाले आले ते बरेचसे कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या बंदरातून! शेवटी ओकॉनर नावाच्या इंजिनियरने पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीची नळवाट आखली. टीकेने आणि कामाच्या ताणाने खचून त्याने १९०२ साली आत्महत्या केली, आणि पुढच्याच वर्षी कालगुर्लीला पाणी पोहोचले.

त्याच मुलखात आज माणसे यंत्र घेऊन हिंडतात. हे काम कसे चालते ते ऐका. वेटोळे जमिनीला जवळजवळ टेकवून, कोयता फिरवावा तसे उजवीकडून डावीकडे संथ फिरवायचे, पावलापावलाने पुढे सरकायचे. नाद आला की बुटाने वरची माती सारायची आणि पुन्हा ऐकायचे. नाद कायम असेल तर खणायचे. आणि निघते काय? गंजलेला खिळा, डबीचे झाकण, बंदुकीची गोळी, शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा शोधकाच्या बुटाची चूक! शिसे तर सोन्यासारखाच नाद देते. शिवाय त्या मुलखातली माती लोहयुक्त आहे. तीच गुणगुणत राहते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आलेल्या सुधारलेल्या यंत्रांनी यावर तोड काढली. ती क्षणभर जोराचा ठोका देतात, मग गप्प बसून ऐकतात. मातीचा प्रतिसाद लवकर विरतो, धातूचा किंचित रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यावरून भेद कळतो. तरीही लहान खडा काही बोटे खोल असला तरच कळायचा.

नशीब उघडते, नाही असे नाही. १९८० साली व्हिक्टोरिया प्रांतात किंगोवर गावाजवळ अशाच यंत्राने सुमारे फूटभर खोलीवरचा सत्तावीस किलो वजनाचा सोन्याचा गोळा दाखवला. त्याला 'हँड ऑफ फेथ', म्हणजे श्रद्धेचा हात, असे नाव पडले. पण वर्तमानपत्रात गोळ्याचे छायाचित्र येते. खिळ्यांचे येत नाही.

सज्जनहो, यंत्र 'येथे धातू आहे' एवढेच सांगते. 'येथे सोने आहे' असे ते कधीच सांगत नाही. 'हे तुझे आहे' असे तर मुळीच सांगत नाही. पहिला प्रश्न अनुभवाने सुटतो. दुसरा सोडवायला कायदा लागतो आणि विवेक लागतो.

ऑस्ट्रेलियाने तो कायदा सहज मिळवला नाही. १८५४ साली बॅलरट येथे परवान्याच्या जाचक शुल्काविरुद्ध खाणवाल्यांनी बंड केले. सैन्याने ते मोडले, आणि त्यात वीसाहून अधिक खाणवाले मेले. पण दुसऱ्याच वर्षी वर्षाला एक पौंड भरून मिळणारा 'माइनर्स राइट' नावाचा हक्क अमलात आला, आणि त्याबरोबर मताचा अधिकारही आला. तेच नाव धारण करणारा परवाना घेऊन आजही साधा माणूस सोने शोधू शकतो. दुसऱ्याने नोंदवलेल्या जागेत रीतसर परवानगीवाचून शिरायचे नाही, आणि खणलेला खड्डा बुजवायचा, अशा त्याच्या अटी आहेत.

मात्र हा न्याय सर्वांना मिळाला, असे समजू नका. ज्यांची ती भूमी होती, त्या आदिवासींना कुणी परवाना विचारला नाही. १८९६ साली त्या वाळवंटातून गेलेल्या कार्नेगी नावाच्या प्रवाशाने पाण्याची ठिकाणे कळावीत म्हणून तिथल्या माणसांना बांधून ठेवले, तहान लागावी म्हणून खारे मांस दिले, आणि हे आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवले. सोन्याची वाट त्या माणसांच्या तहानेतून गेली आहे.

आता तेच यंत्र दुसऱ्या वाळवंटात नेऊन पाहू. हे वाळवंट सुदानचे, म्हणजे फॅरोंना सोने पुरवणाऱ्या प्राचीन नुबियाचे. २०११ साली दक्षिण सुदान वेगळा झाला आणि तेलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याबरोबर गेला. त्याच सुमारास लाखो गरीब माणसे सोन्याच्या मागे लागली. कुणी शेत विकले, कुणी जनावरे विकली, कुणी चौघांत मिळून यंत्र घेतले. काहींची घरे उभी राहिली, हेही खरे. पण २०१२ साली दारफुरमधल्या जेबेल आमिर येथे सोने सापडले, आणि २०१३ च्या जानेवारीत त्यावरून टोळ्यांत लढाई जुंपली. लाखभर माणसे देशोधडीला लागली. त्याच वर्षी तिथली खाण कोसळून साठांहून अधिक जण गाडले गेले. सोने वेगळे करायला पारा वापरायचा आणि तो उघड्यावर जाळायचा. ती वाफ छातीत जाते, आणि पारा पाण्यात व मातीत उतरतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या खर्चाला याच सोन्याचा आधार मिळाला.

एक प्रसंग सांगून संपवतो. २०२० साली बयुदा वाळवंटातल्या जबल मराघा या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वसाहतीवर पुराणवस्तू खात्याची माणसे पाहणीला गेली. पाहतात तो सोने शोधणाऱ्यांनी खोदयंत्रे लावून सतरा मीटर खोल खंदक खणला होता. जुन्या भिंतींचे दगड उपसून त्यांचे खांब रचून वर जेवायला सावली केली होती. आणि खणले कशासाठी? तिथल्या वालुकाश्मात पायराइट नावाचे, लोह आणि गंधक यांचे खनिज आहे. यंत्र त्यावर वाजले! यंत्र खोटे बोलले नव्हते. धातूचा अंश तिथे होताच. पण दोन हजार वर्षे टिकलेली वस्ती एका नादापायी नाहीशी झाली.

मला तेव्हा आमच्या आळीतली ती भिंत आठवली. पायाळूच्या बोटाने पडलेली भिंत आणि यंत्राच्या नादाने पडलेली भिंत, यांत फरक एवढाच की दुसरीमागे शास्त्र होते. शास्त्र आपल्याला कान देते. ऐकून कुठे खणायचे, कुठे थांबायचे आणि खणलेला खड्डा कुणी बुजवायचा, हे ते सांगत नाही. ते आपण सर्वांनी मिळून ठरवायचे असते, आणि कुदळ मारण्यापूर्वी ठरवायचे असते. आपल्याही गडकोटांच्या आणि जुन्या देवळांच्या पायथ्याशी गुप्तधनासाठी खणलेले खड्डे आपण पाहिले आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ दूरच्या वाळवंटाचा नाही, एवढे माझ्या त्या स्नेह्यांना माझे उत्तर आहे.