हौसेचा हिशेब

हौसेला मोल नसतें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु हौसेनें घडविलेली वस्तु बाजारांत आली, कीं तिची किंमत सांगावी लागते, आणि मग हौसेचाही हिशेब मांडणें प्राप्त होतें. तंबाखू ओढण्याचे पाइप हातानें घडविण्याचा छंद हें याचें बोलकें उदाहरण होय.

परभणी जिल्ह्यांतील पालम हें गोदाकांठच्या तालुक्याचें गांव. या मुलखांतील धूम्रपानाचें जुनें साधन म्हणजे मातीची चिलीम. कुंभार चाकावर मातीचा मोठा गोळा ठेवतो आणि त्याच्या शेंड्यावरून एकामागून एक चिलमी उतरवितो. वर रुंद तोंड, खालीं निमुळती नळी, आंत एक खडा आणि ओढणाराच्या हातीं ओलें फडकें, एवढ्यानें काम भागतें. सरपण, फूटतूट आणि मेहनत हाच कुंभाराचा मुख्य खर्च. चिलीम लवकर फुटते, म्हणून ती स्वस्त असावी लागते. आणि स्वस्त असावी लागते, म्हणून ती झरझर उतरावी लागते. येथें हाताचा वेग हेंच भांडवल.

याच धुरासाठीं श्रीमंतांनीं निराळा खर्च केला. असद बेगानें सन १६०४ च्या सुमारास विजापुराहून अकबराच्या दरबारीं तंबाखू नेला, तो जडावाच्या नळीसह. पुढें बिदरच्या कारागिरांनीं जस्त व तांबें यांच्या काळ्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी बसवून हुक्क्याचीं पात्रें घडविलीं. मात्र शेतकऱ्याची माती आणि सरदाराची चांदी, दोन्ही घडविणारे हात पोटासाठींच राबत होते.

हौशी कारागिराची गोष्ट वेगळी. त्याचा आवडता माल म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास उगवणाऱ्या 'ब्रायर' नांवाच्या झुडपाच्या मुळाशीं येणारी गांठ. ती सहसा जळत नाहीं, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सेंट-क्लोद येथें तिचे पाइप बनूं लागले. गांठ उकळून पुष्कळ काळ वाळवावी लागते. एवढें करूनही तिच्या पोटांतील खळगा वा भेग कोरल्याखेरीज दिसत नाहीं.

आतां समजा, एकानें नऊशें रुपयांचा एक, असे चार तुकडे घेतले. एक वायां गेला, तीन साधले. छत्तीसशें रुपये तिघांवर वांटले, तर प्रत्येकीं बाराशें पडले. मुखनळी व रोगण यांचे तीनशें धरून पंधराशें झाले. पाइप चार हजारांस विकला, तर अडीच हजार उरले. तिन्हींचे मिळून साडेसात हजार. परंतु प्रत्येक पाइपास वीस तास आणि फसलेल्या तुकड्यास पंधरा तास गेले असतील, तर एकूण पंचाहत्तर तास झाले. म्हणजे तासाला शंभर रुपये! यांत हत्यारांची झीज, खोलीचें भाडें आणि गिऱ्हाईक शोधण्याची यातायात धरलेलीच नाहीं.

हौशी माणूस यावर हंसून म्हणेल, "वेळ कोण मोजतो?" त्याचें म्हणणें त्याच्यापुरतें खरेंही आहे. नाटक पाहणारा तिकिटाचे पैसे परत मागत नाहीं; त्याला आनंद मिळालेला असतो. पण हौशी माणूस बाजारांत उतरून मालाच्या दामांतच वस्तु विकूं लागला, कीं प्रश्न एकट्याचा राहत नाहीं. त्याच पाइपावर ज्याचें घर चालतें, त्याला तो भाव परवडत नाहीं. एकाची फुकटची हौस दुसऱ्याच्या मजुरीवर पडते. म्हणून हौशी कारागिरानें वस्तु मित्राला खुशाल भेट द्यावी. विकावयाची झाल्यास मात्र वेळेचें मोल धरूनच विकावी.

दुसराही एक विचार आहे. तंबाखूचा धूर प्राणघातक आहे, हें आतां निर्विवाद ठरलें आहे, आणि भारतांत २००३ च्या कायद्यानें सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास बंदी घातली. ज्या वस्तूचा उपयोगच घातक, तिच्या घडणीवर आयुष्य वेंचावें काय? याचें उत्तर बिदरनें दिलें आहे. १९५६ पर्यंत परभणीप्रमाणें बिदरही हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखांत होतें. तेथें हुक्क्याचें गिऱ्हाईक ओसरलें, तरी नक्षी बुडाली नाहीं. ती फुलदाण्यांवर आणि डब्यांवर उतरली, आणि २००६ सालीं तिला भौगोलिक निर्देशांकही लाभला.

चिलमींची मागणी आटली, तरी कुंभार त्याच चाकावर पणत्या उतरवूं शकतो. वस्तु जाते, हात राहतो. त्या हाताला योग्य मजुरी मिळेल, एवढें मात्र विकत घेणाऱ्यानें आणि हौसेनें विकणाऱ्यानें, दोघांनींही पाहिलें पाहिजे.