शांतता बाजारातला शिंपी

शिलाई मशीनचा आवाज माझ्या लहानपणापासून ओळखीचा. शेजारी शिंपीकाका राहायचे. दुपारी डोळा लागताना ती खडखड अंगाईसारखी वाटायची. 'अ सिंगल स्पार्क' हा कोरियन चित्रपट पाहिला आणि त्या आवाजातला गोडवा गेला.

पार्क क्वांग-सू यांचा हा चित्रपट १९९५चा. नायक जॉन ते-इल, अगदी खराखुरा माणूस. सोल शहरातल्या प्योंगह्वा बाजारात, म्हणजे शब्दशः 'शांतता बाजारा'त, तो कपडे शिवायचा. मालकांनी जागा वाचवायला खोलीच्या मधोमध माळे घातलेले. ताठ उभं राहणं मुश्कील. तिथं तेरा-चौदा वर्षांच्या मुली रोज चौदा-चौदा तास राबत. ते-इल बसभाड्याच्या पैशांतून त्यांना खाऊ आणायचा आणि स्वतः रात्री पायी घर गाठायचा.

खरी गंमत, गंमत कसली, पुढेच आहे. कामगारांच्या हक्कांचा कायदा कोरियात १९५३पासून होता! नवीन काही मागायचंच नव्हतं. पण ते पुस्तक हाती आलं, तर त्यात जागोजाग चिनी लिपीतले शब्द. जेमतेम शिकलेल्या ते-इलला ते वाचवेना. कॉलेजात जाणारा एखादा मित्र असता तर, असं त्याला वाटत राहिलं. तरी तो अडखळत वाचत गेला. सोबती जमवले, कामगारांची पाहणी केली, सरकारी कचेरीत अर्ज दिले. काही हललं नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी निदर्शनं पोलिसांनी अडवली, तेव्हा २२ वर्षांच्या ते-इलनं स्वतःला पेटवून घेतलं. मागणी एवढीच, की आहे तो कायदा पाळा.

चित्रपटात १९७५ साली पोलिसांपासून लपून राहिलेला एक सुशिक्षित माणूस त्याचं चरित्र लिहितो आहे. ते-इलला हवा होता तो मित्र आला, पण पाच वर्षं उशिरा. या पात्रामागे वकील चो यंग-रे आहेत; त्यांनी लिहिलेलं चरित्र १९८३मध्ये त्यांच्या नावाशिवाय छापलं गेलं. या लेखकाचे प्रसंग मला जरा लांबलेले वाटले. त्याऐवजी माळ्यावरच्या मुली आणखी दिसायला हव्या होत्या.

मुलाचं काम पुढं नेईन, असा शब्द त्याच्या आईनं, ली सो-सन यांनी, दिला होता. दोन आठवड्यांत बाजारात कामगार संघटना उभी राहिली. २०११मध्ये वारल्या, तोवर त्या कामगारांसोबतच होत्या.

या चित्रपटासाठी लोकांनी वर्गणी दिली होती. शेवटी देणगीदारांची हजारो नावं पडद्यावरून सरकत राहतात. कोरियन लिपी मला येत नाही. दिवे लागेपर्यंत मी ती नावं बघत बसलो.